अंगठेबहाद्दर

ज्या बाईला आमची अख्खी बिल्डिंग पाठीमागे 'अंगठेबहाद्दर' म्हणायची, ती चांगली मॅट्रिक झालेली होती आणि सही इंग्रजीत करायची. नाव पडलं ते वेगळ्याच कारणाने. पोटुशी बाई दिसली रे दिसली की ही तिच्या नडगीवर अंगठा दाबायची. लिफ्टमध्ये, भाजीवाल्यासमोर, गणपतीच्या आरतीत सुद्धा. "पाय पुढे कर" म्हणायची, वाकायची, घोट्याच्या जरा वर अंगठा रोवायची, तोंडाने पाच आकडे मोजायची आणि काढून घ्यायची. कातडी लगेच वर आली तर "जा." खळगा राहिला तर मात्र त्या दिवस गेलेल्या बाईचा तो अख्खा दिवस गेला म्हणून समजा. बीपी मोजलंस का, लघवी तपासलीस का, फाइल कुठाय, नवरा कुठाय. नवरा ऑफिसात असला तर ऑफिसात फोन.

तोंडावर आम्ही सगळ्या तिला नुसतं 'बाई' म्हणायचो. घाटकोपरला आमची चाळ पाडून बिल्डिंग झाली, तेव्हा तिने हट्टाने तळमजला मागून घेतला. बाकी सगळे वरच्या मजल्यासाठी भांडत होते, वारा पाहिजे, उजेड पाहिजे. हिला गेट दिसायला पाहिजे होतं. आयुष्यभर एका प्रसूतिगृहात आया म्हणून नोकरी केलेली. अंगाने काटकुळी, साडी घोट्याच्या वर खोचलेली, आणि मनगटावर पुरुषी घड्याळ, त्याची तबकडी आतल्या बाजूला. बोलणं सगळं त्या घड्याळाकडे बघत. तुम्ही म्हणालात, "काय बाई, बरं आहे ना?" तर ही घड्याळाकडे बघत विचारणार, "जेवल्यापासून बाळ हललं का?" आता मी साठी ओलांडलेली बाई. मला विचारून काय उपयोग? पण तिला सवयच ती.

आणि आवाज म्हणाल तर जिन्यात तळापासून गच्चीपर्यंत. आमच्याकडे, कोकणातल्या माणसांत, असल्या गोष्टी पदराआड बोलतात. कुणाला काही झालं तर आम्ही 'जरा बरं नाही' म्हणतो, त्याच्या पुढे नाही. ही बाई दुसऱ्या मजल्यावरच्या नव्या सुनेला खालून ओरडून विचारायची, "अंगावरून रक्त नाही ना गेलं? पाणी नाही ना गेलं?" पोरीचा सासरा गॅलरीत पेपर वाचत बसलेला. तो पेपर उघडून त्याच्यात पार तोंड घालायचा. त्या माणसाने त्या दोन महिन्यांत जितके अग्रलेख वाचले तितके जन्मात वाचले नसतील.

बायका काय बोलायच्या ते सांगू? "हिचा स्वतःचा पाळणा कधी हलला नाही, हिला काय कळणार." मी पण म्हटलंय हे, खोटं कशाला बोलू. लग्न केलेलं नव्हतं तिने. मग आम्ही तिच्यासाठी एक गोष्ट तयार केली, हिची बहीण नाहीतर वहिनी बाळंतपणात गेली असणार, त्याशिवाय माणूस असं वेडं होत नाही. एकदा मी मुद्दाम चहाला बसवून विचारलं. मला वाटलं आता रडेल, मग मी पदर पुढे करीन. तिने बशीतला चहा संपवला आणि म्हणाली, "माझं कुणी गेलं नाही. दुसऱ्यांच्या गेलेल्या बघितल्या, तेवढ्या पुऱ्या नाहीत का?" आणि साखर जास्त झालीय म्हणाली.

तिचा सगळ्यात मोठा वेडेपणा म्हणजे तालीम. आपल्याकडे मूल जन्माला यायच्या आधी काही तयारी करत नाहीत. दुपटं शिवायचं नाही, झबलं आणायचं नाही, दृष्ट लागते. ही म्हणायची, बाळाचं काही घेऊ नका, बाळ नागडं आलं तरी चालतं, नागडंच येतं. आईची पिशवी भरा. सातवा लागला की दाराजवळ पिशवी पाहिजे: फाइल, आधार कार्ड, धुतलेल्या जुन्या सुती साड्या, गाऊन, थर्मास. आणि मग रविवारी सकाळी तालीम. ती खाली घड्याळ धरून उभी. वरून पोटुशी बाई चालत येणार, मागून नवरा पिशवी घेऊन, लिफ्ट बंद आहे असं समजायचं. गेटपर्यंत किती मिनिटं लागली ते ती वहीत लिहायची. एका नवऱ्याला तिने तीनदा जिना चढायला लावला, कारण तो प्रत्येक वेळी पिशवी विसरून बायकोला घेऊन येत होता. चौथ्यांदा पिशवी घेऊन आला, बायको विसरला.

गेटसमोर सेक्रेटरीची गाडी उभी असायची. बाईने तिथे जमिनीवर पांढऱ्या ऑइलपेंटने लिहून काढलं, 'ही बाळंतिणीची वाट. गाडी लावाल तर तुमची वाट.' सेक्रेटरीने जनरल मीटिंगमध्ये तक्रार केली. ठराव झाला, अक्षरं पुसायची. पुसणार कोण यावर दुसरी मीटिंग झाली. अक्षरं राहिली, गाडी पण राहिली.

डोहाळजेवणाला तिला बोलवावं लागायचं, नाही बोलावलं तरी ती येणारच. झोपाळा सजवलेला, पोरगी फुलांच्या दागिन्यांत, पुढे झाकलेल्या दोन वाट्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. सगळ्या बायका श्वास रोखून बसलेल्या, आणि ही मधेच विचारणार, "पेढा निघाला तर हॉस्पिटल कुठलं? बर्फी निघाली तर कुठलं?" मग स्वतःच म्हणणार, "एकच ना? मग दोन्ही खा आणि पुढचं बोला, जायचं कशाने?"

आणि नवऱ्यांचे उखाणे! नाव घेतल्याशिवाय सोडायचं नाही ही आपली रीत, तिने त्यात रक्तगट घुसवला. बायकोच्या नावाबरोबर तिचा रक्तगट आलाच पाहिजे, नाहीतर जेवायला पान नाही. आमच्या अमितला, म्हणजे माझ्या मुलाला, तिने आठ दिवस घोटून घोटून शिकवलेला उखाणा असा:

मेट्रोच्या जिन्याला पायऱ्या फार,
स्नेहलचं रक्त बी निगेटिव्ह, रिक्षा खाली तयार.

माझा मुलगा कंपनीत टीम सांभाळतो. तो बाथरूममध्ये हे म्हणायचा. मी म्हटलं, काय रे हे, आपल्या घराण्यात कुणी रक्ताचा उखाणा घेतला नाही.

स्नेहल माझी सून. गुणी पोरगी, माझ्यासारखी तोंडाळ नाही. तिचं पहिलं बाळंतपण. मी ठरवलं होतं की माझ्या घरात ही पिशवीची आणि तालमीची थेरं चालणार नाहीत. दोन बाळंतपणं केली मी, एक गावाला आणि एक इथे, कोणी माझी नडगी दाबली नाही. पिशवी भरायची नाही असं मी स्पष्ट सांगितलं, आणि स्नेहल "बरं आई" म्हणाली. तिचं 'बरं आई' मला तेव्हा कळत नव्हतं.

डोहाळजेवण सातव्यात व्हायचं, ते आठव्यात गेलं, कारण गावाहून माझी नणंद यायची होती आणि तिचे आंबे उतरायचे होते. त्याच आठवड्यात स्नेहलची तपासणीची तारीख. मी म्हटलं, कार्यक्रम आटपू दे, मग निवांत जाऊ, डॉक्टर काय पळून जातात? ती म्हणाली, "बरं आई."

सोसायटीच्या हॉलमध्ये झोपाळा बांधला. दुपारची चारची वेळ. हिरवी साडी, मोगऱ्याचा मुकुट, हातात सोनेरी कागदाचं धनुष्यबाण, फोटोवाले जाधव तिला 'इकडे बघा, तिकडे बघा' करतायत. नणंद गावाहून आली ती दारातच थबकली. "काय तेज इलाहां गो चेडवाच्या तोंडार," म्हणाली. आणि खरंच, चेहरा कसा गोल, भरलेला, चकचकीत. मी तर दोन दिवस तेच म्हणत होते. जी येईल तिला सांगत होते, बघा कसं तेज आलंय, आमच्या हातचं खाल्लंय. गालावरून हात फिरवून मी माझ्या कानशिलांवर बोटं मोडली. इतकी मोडली की दोन दिवस दुखत होती.

स्नेहल मधेच म्हणाली डोकं जड झालंय. नणंद म्हणाली मोगऱ्याच्या वासाने होतं. स्नेहलने एकदा डोळे चोळले. मी म्हटलं फोटोच्या लाइटमुळे.

मग कासारीणबाई बांगड्या भरायला बसल्या. हिरवा चुडा. पाचव्यात चोरओटी भरली तेव्हा सव्वादोनची बांगडी अशी सर्रकन गेली होती. आता त्याच मापाची काही केल्या पंज्याच्या पुढे जाईना. कासारीणबाईंनी साबण लावला, तेल लावलं, गोड बोलून हात चेपला. एक कशीबशी गेली. दुसरी गेली आणि कट् झाली. आता बांगडी फुटली असं आपण म्हणत नाही, वाढली म्हणतो. सगळ्या बायका एका सुरात म्हणाल्या, "वाढली गं वाढली." मी पण म्हटलं वाढली, असू दे, अंग भरलंय पोरीचं, अडीचची घाला.

मागे दाराजवळच्या खुर्चीवरून आवाज आला.

"बांगडी नाही वाढली. हात वाढलाय."

बाई उठून आली. तिने झोपाळा पायाने थांबवला, त्यावर स्नेहलबरोबर मी बसलेले, त्यामुळे मी पण थांबले. तिने स्नेहलची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला.

"डोकं कधीपासून दुखतंय?"

स्नेहलने आधी माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी अजून विसरले नाही. मग म्हणाली, "परवापासून."

"डोळ्यांपुढे काय दिसतं?"

"चांदण्या."

मी लगेच म्हटलं, अहो तो जाधवांचा फ्लॅश. जाधवांनी कॅमेरा खाली केला. "काकी," म्हणाले, "मी आज फ्लॅश लावलाच नाही."

बाई खाली बसली, हिरव्या साडीची किनार वर केली आणि अंगठा रोवला. पाच आकडे मोजले. अंगठा काढला तर खळगा तसाच. त्यात मुगाचा दाणा बसला असता. आम्ही सगळ्या त्या खळग्याकडे बघत राहिलो, तो काही भरेना. बाईने घड्याळ बघितलं आणि उठली. "चल," म्हणाली. स्नेहलला, मला नाही.

आता मी काय केलं ते सांगते. मी उठले आणि ओटीचं ताट हातात घेतलं. खण, तांदूळ, नारळ, पाच फळं, सगळं मांडलेलं होतं. माझी नणंद एवढ्या लांबून आलेली. मी म्हटलं, "बाई, पाच मिनिटं. ओटी तेवढी भरू दे. भरल्या झोपाळ्यावरून अशी उठवून नेऊ नये."

ती म्हणाली, "तुझ्या नारळाचं ठीक आहे गं, तो आठ दिवस टिकतो. ही टिकेल का ते सांग. सांग, मी थांबते."

हॉलमध्ये पन्नास बायका होत्या. एकीनेही माझी बाजू घेतली नाही, आणि ज्यांनी कालपर्यंत माझ्याबरोबर तिची टिंगल केली होती त्या सगळ्यात पुढे होत्या वाट करून द्यायला.

मग जे झालं ते तालमीसारखंच झालं. अमितला काही सुचेना, पण पाय जिन्याकडे वळले. बाईने तिच्या घरात जाऊन खाटेखालून एक पिशवी ओढून काढली. मी बघितली तर पिशवी माझी, लोणच्याची बरणी आणलेली ती. आत फाइल, आधार कार्ड, आणि माझ्याच दोन जुन्या सुती साड्या, ज्या मी महिनाभर शोधत होते. माझ्या घरात भरायची नव्हती ना, म्हणून स्नेहलने ती खाली भरून ठेवलेली. 'बरं आई'चा अर्थ मला तेव्हा कळला.

गेटसमोर सेक्रेटरीची गाडी. नेमकी अक्षरांवर. सेक्रेटरी वरून बनियनवर पळत आला आणि गाडी अशी काढली की कुंडी फोडली. रिक्षात स्नेहल, अमित, बाई, आणि अमितच्या मांडीवर अर्धी मी. मुकुट काढायला कुणाला सुचलं नाही. ते कागदी धनुष्य रिक्षात आडवं जाईना. बाईने ते हिसकावून माझ्या हातात दिलं. सबंध रस्ता मी धनुष्यबाण धरून, देवाचं नाव घेत बसले होते. सिग्नलला लोक बघत होते. कुणाला मारायला निघाली म्हातारी, असं वाटलं असेल.

हॉस्पिटलात काउंटरवरच्या सिस्टरने विचारलं, "पेशंटचा रक्तगट?" अमित पांढराफटक. टीम सांभाळणारा माझा मुलगा, त्याला एक अक्षर आठवेना. बाईने मागून त्याच्या पाठीत बोट खुपसलं आणि तो घडाघडा बोलला: "मेट्रोच्या जिन्याला पायऱ्या फार, स्नेहलचं रक्त बी निगेटिव्ह, रिक्षा खाली तयार." सिस्टर हसली नाही. तिने 'बी निगेटिव्ह' लिहून घेतलं आणि फोन उचलला. आमच्या घराण्यात असा कामाला आलेला उखाणा तो एकच.

बीपीचा पट्टा बांधला, डॉक्टरीणबाईंनी आकडा बघितला, परत बांधला, परत बघितला, आणि मग सगळे भराभर चालायला लागले. हॉस्पिटलात माणसं हळू चालत असली तर काळजी नसते, हे मला त्या दिवशी समजलं. बऱ्याच वेळाने डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. म्हणाल्या, वेळेत आणलंत, आज झटके आले असते तर दोघांनाही कठीण होतं. मग माझ्याकडे बघून, अगदी साधेपणाने, म्हणाल्या, "आजी, इतकी सूज घरात कुणी बघितली नाही?"

बघितली होती. नावाजली होती.

तिसऱ्या दिवशी मुलगी झाली. वेळेच्या आधीची, मुठीएवढी, तिला काचेच्या पेटीत ठेवलं. मी रोज जाऊन काचेतून बघायची. तिच्या तोंडावर काही तेजबीज नव्हतं, सुरकुतलेली, लाल, माझ्या सासूसारखी दिसायची. पण हातपाय झाडायची. स्नेहलची सूज उतरली तेव्हा खालून तिचा खरा चेहरा निघाला, इतका बारीक, की मला माझीच लाज वाटली. मी इतके दिवस कुणाचा चेहरा बघत होते?

बारसं दोन महिन्यांनी केलं. बाई आली. हातात कागदाच्या पुडीत बांगड्या, त्याच डझनातल्या, सव्वादोनच्या, कासारीणबाईंकडून मागून ठेवलेल्या. स्नेहलचा हात मांडीवर घेऊन तिने एकेक भरली. सर्रकन गेल्या. शेवटची भरून झाल्यावर माझ्याकडे वळून म्हणाली, "घे, भर आता ओटी. नारळ टिकलाय का बघ."

मला तिची माफी मागायची होती. मी तिच्या पानात दोन लाडू जास्त वाढले. तिने एक परत ठेवला. म्हणाली, "साखर जास्त आहे तुझ्या हाताला. चहात पण होती." आणि मग माझ्याच नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला. त्या दिवसापासून मी बीपीची गोळी घेते, आणि तीही घड्याळ बघून.

तिने मला शिक्षा केलीच. त्यानंतर बिल्डिंगमधल्या प्रत्येक डोहाळजेवणाला ती आधी उभी राहून विचारायची, "इथे कोणाला तेज दिसतंय का? दिसत असेल तर त्या बाईने हिच्या शेजारी येऊन बसावं." हिच्या म्हणजे माझ्या. बायका हसायच्या. मी मान खाली घालून बसायची. हळूहळू आमच्याकडे तो शब्दच बोलायचा बंद झाला. देव्हाऱ्यातल्या मूर्तीला सुद्धा कुणी तेज म्हणेना.

मागच्या वर्षी गुडघे गेले म्हणून तिचा पुतण्या तिला बदलापूरला घेऊन गेला. जाताना गेटसमोरची अक्षरं तिने परत रंगवून घेतली. सेक्रेटरीने पत्र्याचा डबा धरला होता. बदलापूरच्या पोटुशा बायांची मला दया येते, आणि त्यांच्या सासवांची जास्त.

आता परवाची गोष्ट. तिसऱ्या मजल्यावरच्या घरी डोहाळजेवण. झोपाळा, फुलं, सगळं तेच. मुलुंडहून त्यांची कोणी पाहुणी आली होती, नवखी. ती झोपाळ्याजवळ गेली, पोरीच्या गालावरून हात फिरवला आणि कौतुकाने म्हणाली, "अगंबाई, काय तेज आलंय गं चेहऱ्यावर."

डोहाळ्याची गाणी म्हणणाऱ्या बायका मधेच थांबल्या. पाहुणी बिचारी हात तसाच हवेत धरून उभी. आणि त्या पोरीने साडीची किनार वर केली आणि पाय पुढे काढून ठेवला. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

माझे गुडघे काही आता वाकत नाहीत. दोघींनी धरून मला खाली बसवलं. चष्मा चढवला. घोट्याच्या जरा वर अंगठा रोवला आणि पाच आकडे मोठ्याने मोजले, तिच्यासारखेच, जिन्यात ऐकू जातील असे. अंगठा काढला. कातडी लगेच वर आली.

"जा," मी म्हटलं. ती कुठे जाणार, झोपाळ्यावर बसली होती. पण बायकांनी श्वास सोडला आणि डोहाळ्याची गाणी परत सुरू झाली.

मला उठवत होते तेव्हा ती मुलुंडची पाहुणी शेजारणीच्या कानाला लागली. ह्या आजी कोण, डॉक्टर आहेत का? माझे कान अजून चांगले आहेत. शेजारीण पदराआडून म्हणाली, "छे गं. ती आमची अंगठेबहाद्दर."